नोझी कोरी, वलय वाकडं: मायक्रोसिस्टिनची रचना अडते तिथे काय बघायचं

"मॅडम, पीकच आलं नाही."

असा फोन मला वर्षातून चार-पाच वेळा येतो. या वेळी फोनवर तासगाव तालुक्यातली एक मुलगी होती, पीएचडीचं तिसरं वर्ष. मागून तिच्या वडिलांचा आवाज आला, "आलं नाही काय म्हणतीस? बाग तर बरी हाय की!" तिला म्हणायचं होतं की स्पेक्ट्रममध्ये पीक, म्हणजे सिग्नलचा उंचवटा, नाही. द्राक्षाच्या घरात हा शब्द फोनवर जपून वापरावा.

प्रकरण त्यांच्याच शेततळ्यापासून सुरू झालं होतं. उन्हाळ्यात पाण्यावर हिरवी साय धरली, वाळल्यावर काठाला निळसर पोपडे राहिले. गावात याला शेवाळच म्हणतात. ते खरं शेवाळ नव्हे, सायनोबॅक्टेरिया, म्हणजे जीवाणू. हिने त्यातला मायक्रोसिस्टिस वेगळा करून प्रयोगशाळेत वाढवला, अर्क काढला, स्तंभावर शुद्ध केला आणि दीड मिलिग्रॅम पांढरी पूड हाती लागली. वस्तुमान मायक्रोसिस्टिन-एलआरचं निघालं, म्हणजे हे जीवाणू बनवतात त्या वलयाकार पेप्टाइड विषाचं. पुढची पायरी होती रेणूची त्रिमितीय रचना एनएमआरने (अणुकेंद्रांच्या चुंबकत्वावरून) काढणं, आणि तिथे गाडी अडली. बाहेरच्या एका केंद्रात ५०० मेगाहर्ट्झच्या यंत्रावर रात्रभर नोझी (NOESY, कुठले प्रोटॉन एकमेकांजवळ आहेत ते दाखवणारा द्विमितीय स्पेक्ट्रम) लावली. सकाळी बघते तर कर्णावरचे पीक ठसठशीत, आणि कर्णाच्या दोन्ही बाजूंना, जिथे जवळच्या प्रोटॉनांचे क्रॉसपीक यायला हवेत तिथे, रान मोकळं. दुसऱ्या वेळी नमुना दुप्पट तीव्र केला. पुन्हा कोरी. तिसऱ्या वेळी स्कॅन चौपट केले. पुन्हा कोरी, फक्त बिल वाढलं.

याच तक्रारीवर मी इतक्यांना तेच ते सांगितलंय की आता एकदा लिहूनच ठेवते. पुढच्या वेळी दुवा पाठवला की काम झालं.

आधी नमुन्यावरचा संशय फेडा, पण त्यात आठवडा घालवू नका

कोरी नोझी दिसली की पहिला आळ नमुन्यावर येतो. तो फेडायला दहा मिनिटं पुरतात. साध्या एकमितीय प्रोटॉन स्पेक्ट्रममध्ये मायक्रोसिस्टिनच्या खुणा सरळ दिसतात. ७.२ पीपीएमच्या आसपास अ‍ॅडाच्या (लांब शेपटीचं एक अमिनो आम्ल) फिनाइलचे पाच प्रोटॉन. ६.२ च्या जवळ अ‍ॅडाच्या दुहेरी बंधातला एक प्रोटॉन, शेजाऱ्याशी सुमारे १५ हर्ट्झने जोडलेला. ५.४ ते ५.९ या पट्ट्यात एमडीएचए (मिथिल-डिहायड्रोअ‍ॅलानिन) या घटकाच्या टोकाच्या दुहेरी बंधाचे दोन प्रोटॉन. हे तिन्ही असतील आणि रेषा बारीक असतील तर रेणू तोच आहे आणि गोळा होऊन बसलेला नाही. वस्तुमानमापीवर ९९५.५६ ला प्रोटॉन चिकटलेला रेणू आणि तुकड्यांत १३५ ची रेष दिसली की उरलीसुरली शंकाही मिटते. ती १३५ ची रेष अ‍ॅडाच्या शेपटीतून तुटते.

इथे एक मेख आहे. द्रावक ड्युटेरेटेड मिथेनॉल असेल तर त्याचा स्वतःचा उरलेला पीक ३.३१ ला येतो, आणि एमडीएचएच्या नायट्रोजनवरचा मिथिलही नेमका ३.३ च्या घरात बसतो. "मॅडम, एक मिथिल गायब आहे" अशी तक्रार आली की मी पहिल्यांदा द्रावक विचारते.

प्लास्टिकचंही सांगून टाकते. मायक्रोसिस्टिन पॉलिप्रॉपिलीनला चिकटतं, विशेषतः पाण्याच्या द्रावणात. एपेनडॉर्फ नळ्यांमधून तीनदा इकडून तिकडे ओतलं की दीड मिलिग्रॅमचं किती उरलं ते देव जाणे. काच वापरा.

मग कोरी का?

कारण नमुन्यात नाही, यंत्रातही नाही. या आकाराच्या रेणूला त्या यंत्रावर, त्या तापमानाला नोझीत काही दिसणारच नव्हतं. स्कॅन चौपट केले तरी शून्याची चौपट शून्यच.

नोझीतला क्रॉसपीक एका प्रोटॉनकडून शेजारच्या प्रोटॉनकडे चुंबकत्व सरकल्याने येतो. हे सरकणं दोन वाटांनी होतं आणि दोघींचं चिन्ह एकमेकींच्या विरुद्ध असतं. रेणू लहान असेल, पाण्यात भराभर गरगरत असेल तर एक वाट जिंकते आणि क्रॉसपीक कर्णाच्या उलट्या चिन्हाचा येतो. रेणू प्रथिनासारखा थोराड, सुस्त असेल तर दुसरी जिंकते आणि क्रॉसपीक कर्णाच्याच चिन्हाचा येतो. मध्ये एक जागा अशी आहे की दोन्ही बरोबरीत सुटतात. रस्सीखेचेत दोन्हीकडचे पैलवान तोडीस तोड निघाले की रुमाल जागचा हलत नाही, तसं. बघणाऱ्याला वाटतं कुणी जोरच लावत नाहीये.

ही जागा गणिताने पक्की आहे. रेणूचा गरगरण्याचा काळ आणि प्रोटॉनची कोनीय वारंवारता यांचा गुणाकार १.१२ झाला की नोझी शून्य. ५०० मेगाहर्ट्झवर हा काळ ०.३६ नॅनोसेकंद येतो, ३०० वर ०.५९ आणि ८०० वर ०.२२. आता मायक्रोसिस्टिन-एलआर बघा. रेणुभार ९९५. हजार डाल्टनच्या जवळचा रेणू २५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ०.३ ते ०.५ नॅनोसेकंदांच्या घरात गरगरतो. म्हणजे ५०० मेगाहर्ट्झवर बरोबर या शून्याच्या खड्ड्यात. आपल्या भागातल्या मुलांना जी यंत्रं मिळतात ती बहुतेक ४०० किंवा ५०० ची, त्यामुळे ही तक्रार पुन्हा पुन्हा येणारच.

उपाय तीन. माझ्या पसंतीच्या क्रमाने सांगते.

पहिला, रोझी (ROESY), नोझीचीच बहीण. आमच्या जुन्या प्रयोगशाळेतल्या शिपायाने एकदा विचारलं होतं, "मॅडम, ही रोझी कोण, रात्री उशिरापर्यंत लावून ठेवता ती?" रोझीत मिश्रणकाळात, म्हणजे चुंबकत्व सरकायला दिलेल्या वेळात, प्रोटॉनांना आडव्या दिशेत रेडिओलहरीने बांधून ठेवतात. त्यामुळे त्या दोन वाटांचा हिशेबच बदलतो आणि शून्याची जागा उरत नाही. रेणू लहान असो की मोठा, रोझीतला खरा क्रॉसपीक कायम कर्णाच्या उलट्या चिन्हाचा येतो. लहान रेणूला जास्तीत जास्त साडेअडतीस टक्के, मोठ्याला साडेसदुसष्ट. मायक्रोसिस्टिनसाठी मिश्रणकाळ २०० मिलिसेकंदांपासून सुरू करा.

दुसरा, द्रावक घट्ट करा. डीएमएसओ (डायमिथिल सल्फॉक्साइड) या द्रावकाची श्यानता, म्हणजे घट्टपणा, २५ अंशांना पाण्याच्या दुपटीहून थोडी जास्त आहे. रेणू तेवढाच मंदावतो, खड्ड्यातून पलीकडे निघतो आणि ५०० वरही नोझी कर्णाच्या चिन्हाची, बऱ्यापैकी दमदार मिळते. अमाइड प्रोटॉनही, म्हणजे पेप्टाइड बंधातल्या नायट्रोजनवरचे, छान टिकतात. खोट एवढीच की जी रचना मिळते ती डीएमएसओतली. विष पाण्यात काम करतं, डीएमएसओत नाही. शोधनिबंध तपासणारा ते विचारणारच.

पाणीच हवं असेल तर नमुना ५ अंशांपर्यंत थंड करा. २५ वरून ५ वर आणलं की पाण्याची श्यानता ०.८९ वरून १.५२ मिलिपास्कल-सेकंद होते. रेणू खड्ड्यातून बाहेर येतो, पण काठावरच उभा राहतो.

डीएमएसओ मात्र थंड करायला जाऊ नका. तो १८.५ अंशांना गोठतो, ड्युटेरेटेड तर त्याहून थोडा आधीच. साताऱ्यात डिसेंबरच्या सकाळी कपाटातली बाटली उघडून "मॅडम, यात खडे झालेत, फेकून देऊ का?" असं विचारणारा एक मुलगा होता. दोन हजारांची बाटली उन्हात ठेवली आणि दहा मिनिटांत पुन्हा पाण्यासारखी झाली. अट एकच, झाकण घट्ट हवं. डीएमएसओ हवेतली ओल ओढून घेतो.

तिसरा उपाय, ८०० मेगाहर्ट्झच्या यंत्रावर जा. तिथे हाच रेणू खड्ड्याच्या पलीकडे पडतो, पण जेमतेम. एवढा प्रवास आणि खर्च करायचा तर मी तिथेही रोझीच लावेन.

रोझी लावली, आता भलतेच पीक येतात

तासगावच्या मुलीने रोझी लावली. दोन दिवसांनी चित्र पाठवलं: "मॅडम, आता पीकच पीक!" मी चित्र मोठं करून बघितलं. तिने सगळे क्रॉसपीक एकाच रंगात छापले होते.

घोटाळा बरोबर इथेच होतो. रोझीत अंतराचे खरे पीक कर्णाच्या उलट्या चिन्हाचे असतात. पण प्रोटॉनांना बांधून ठेवणारी ती रेडिओलहर जोडणीने बांधलेल्या प्रोटॉनांमध्येही चुंबकत्व फिरवते, म्हणजे चोरपावलांनी टॉक्सी (TOCSY, अंतर नव्हे तर बंधांची जोडणी दाखवणारा प्रयोग) घडते, आणि तिचे पीक कर्णाच्याच चिन्हाचे येतात. पाण्याशी किंवा दुसऱ्या आकाराशी अदलाबदल होत असेल तर तेही कर्णाच्याच चिन्हाचे. एकाच रंगात छापलं की तिन्ही सारखेच दिसतात. मी तिला कर्ण निळा आणि उलटे पीक लाल करून पाठवायला सांगितलं. ल्युसिनच्या अल्फा आणि बीटामधला जो पीक तिने अंतर म्हणून वहीत मांडला होता, तो निळा निघाला. अंतर नव्हे, टॉक्सीची चोरी.

याहून वाईट म्हणजे दोन्ही एकाच जागी येऊन एकमेकांना खातात. मग पीक लालच राहतो, पण फिका पडतो, आणि आपण अंतर आहे त्याहून जास्त धरतो. शेजारच्या कार्बनांवरच्या प्रोटॉनांत हे हमखास होतं. म्हणून साधी रोझी न लावता टी-रोझी लावा. तिच्यात बांधणाऱ्या लहरीची कला सतत १८० अंशांनी पलटत राहते आणि टॉक्सीला पाय रोवता येत नाही. सगळ्या आधुनिक यंत्रांच्या यादीत हा क्रम असतो, मागावा मात्र लागतो. तंत्रज्ञ सहसा नेहमीचीच लावतात, त्यांना दोष नाही.

पाण्यात काम करत असाल तर ९० टक्के साधं पाणी आणि १० टक्के जड पाणी घ्या. एकाने शंभर टक्के जड पाण्यात नमुना विरघळवला आणि सगळे अमाइड प्रोटॉन ड्युटेरियमला देऊन बसला. पाण्याचा पीक दाबायला आधीपासून त्यावर रेडिओलहर मारत बसू नका. पाण्याशी अदलाबदल करणारे अमाइड त्याच्यासोबत मावळतात. पाणी दाबायच्या दुसऱ्या पद्धती, वॉटरगेट किंवा एक्सायटेशन स्कल्प्टिंग, सांगा. पीएच तीन-चारच्या दरम्यान ठेवला तर अदलाबदल सगळ्यात मंद असते. सात-आठला अमाइड रुंद होऊन वाळूत पाणी जिरावं तसे नाहीसे होतात.

दुसरी तक्रार: "गणित जुळत नाही"

स्पेक्ट्रम सुधारला की साधारण महिन्याभराने दुसरा फोन येतो. अंतरं काढली, संगणकात घातली, शंभर प्रतिकृती बनवल्या. त्या एकमेकींवर बसत नाहीत. किंवा बसतात, पण प्रत्येकीत तीच दोन-तीन अंतरं अर्ध्या अँगस्ट्रॉमहून जास्त मोडतात.

सगळ्या प्रतिकृतींत तेच अंतर मोडत असेल तर मोजमापावर संशय घ्यायच्या आधी संगणकाला दिलेल्या रेणूवर घ्या. मायक्रोसिस्टिन रायबोसोमवर बनत नाही. सायनोबॅक्टेरिया ते मोठमोठ्या एंझाइमांच्या जुळणीपट्ट्यावर तुकड्या-तुकड्याने बांधतात. त्यामुळे प्रथिनांचे नियम त्याला लागू नाहीत, आणि रचना काढणारी नेहमीची साधनं तर प्रथिनांसाठीच लिहिलेली. त्यांच्या यादीत एल-अमिनो आम्लं आणि अल्फा-पेप्टाइड बंध. मायक्रोसिस्टिनमध्ये सात घटक आहेत आणि त्यांतले फक्त दोन, ल्युसिन आणि आर्जिनिन, या यादीत जसेच्या तसे सापडतात.

एकदा ती मुलगी सांगलीला आली. घरचे बेदाणे आणले होते, किलोभर. चहा होईपर्यंत मी तिला टेबलावरच वलय मांडायला लावलं. वलयातला प्रत्येक अणू एक बेदाणा. डी-अ‍ॅलानिनचे तीन: नायट्रोजन, अल्फा कार्बन, कार्बोनिल. ल्युसिनचे तीन. मिथिल-अस्पार्टिकला तिने सवयीने तीन ठेवले. आर्जिनिन तीन. अ‍ॅडा हे बीटा-अमिनो आम्ल, त्याचे तिने बरोबर चार ठेवले. ग्लुटामिकचे तीन. एमडीएचएचे तीन. मोजले: बावीस.

"मॅडम, बावीसच आहेत की."

"शोधनिबंधात काय लिहिलंय?"

पंचवीस. ती दोन मिनिटं बेदाण्यांकडे बघत बसली. मग मिथिल-अस्पार्टिकमध्ये एक सरकवला आणि ग्लुटामिकमध्ये दोन.

हीच गोम आहे. या रेणूत ते दोन घटक अल्फा-कार्बोक्सिलने पुढे जोडलेले नाहीत. मिथिल-अस्पार्टिक बीटा-कार्बोक्सिलने आर्जिनिनला जोडलेलं आहे, ग्लुटामिक गॅमा-कार्बोक्सिलने एमडीएचएला. दोघांचे अल्फा-कार्बोक्सिल वलयाबाहेर मोकळे लोंबतात. संगणकाने सवयीने अल्फा-बंध बांधला की वलय तीन अणूंनी आखडतं आणि मग कुठलीच अंतरं त्यात मावत नाहीत. म्हणून गणित सुरू करण्याआधी पडद्यावर बोट ठेवून वलयातले अणू मोजा. पंचवीस नसतील तर पुढे जाऊ नका. नोड्युलॅरिन करत असाल तर एकोणीस. तोही याच भाऊबंदकीतला, पाच घटकांचा.

बंध खरंच तसे आहेत का ते स्पेक्ट्रमवरूनही तपासता येतं. एचएमबीसीत, म्हणजे दोन-तीन बंधांपलीकडच्या कार्बनशी प्रोटॉनची जोडणी दाखवणाऱ्या स्पेक्ट्रममध्ये, आर्जिनिनचा अमाइड प्रोटॉन मिथिल-अस्पार्टिकच्या बीटा-कार्बोक्सिलच्या कार्बनशी जोडलेला दिसतो, आणि एमडीएचएचा नायट्रोजनवरचा मिथिल ग्लुटामिकच्या गॅमा बाजूच्या कार्बोनिलशी. हे दोन पीक सापडले की बांधणी पक्की.

दुसरी चूक उजव्या-डाव्याची. अ‍ॅलानिन, मिथिल-अस्पार्टिक आणि ग्लुटामिक हे तिघे डी-रूपाचे आहेत. यादीतून घेतलं तर एल येतं आणि संगणक निमूटपणे त्या घटकांचं आरशातलं रूप बांधतो. कुठलीही सूचना येत नाही. अ‍ॅडाची चार केंद्रं, दोन, तीन, आठ आणि नऊ, चारही एस आहेत, आणि चौथ्या-सहाव्या जागेवरचे दुहेरी बंध दोन्ही ई. ते हातानेच लिहावे लागतात. आणि जोडणीस्थिरांकावरून फाय कोन (पेप्टाइड साखळीतला एक पीळ) घालत असाल तर डी-घटकांचं चिन्ह उलटं करायला विसरू नका. नऊ हर्ट्झ दिसले की बोटं आपोआप उणे १२० टाइप करतात. अ‍ॅलानिनला तिथे अधिक १२० हवं. एका मुलाचे सहा महिने या एका वजाच्या चिन्हाने खाल्ले.

तिसरी जागा एमडीएचए. त्याच्या नायट्रोजनवर प्रोटॉनच्या जागी मिथिल आहे आणि अल्फा कार्बनवर प्रोटॉनच नाही. घटकाघटकावरून पाय टाकत जायची नेहमीची वाट, याचा अल्फा, त्याचा अमाइड, पुन्हा याचा अल्फा, इथे तुटते. पूल वाहून गेलेल्या ओढ्यासारखं. पलीकडे जायला दोन दगड आहेत. ग्लुटामिकच्या गॅमा प्रोटॉनपासून एमडीएचएच्या मिथिलपर्यंत एक, आणि एमडीएचएच्या टोकाच्या दोन प्रोटॉनांपासून अ‍ॅलानिनच्या अमाइडपर्यंत दुसरा. पहिल्या दगडाचा आणखी उपयोग होतो. गॅमा प्रोटॉन मिथिलच्या जवळ दिसले तर तो बंध ट्रान्स. त्याऐवजी ते एमडीएचएच्या टोकाच्या प्रोटॉनांजवळ दिसले तर सिस. हे न बघता संगणकावर सोडलंत तर तो ट्रान्सच धरेल, खरं असो नसो.

अंतरं किती काटेकोर हवीत?

फार नकोत, आणि हे मुलांना पटत नाही. क्रॉसपीकची तीव्रता अंतराच्या सहाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणजे तीव्रता मोजताना दुपटीने चुकलात तरी अंतर फक्त बारा टक्क्यांनी चुकतं. निसर्गाने एवढी सूट फार कमी ठिकाणी दिलीय, ती घ्या. मापपट्टी म्हणून एकाच कार्बनवरचे दोन प्रोटॉन वापरा, त्यांच्यातलं अंतर १.७८ अँगस्ट्रॉम ठरलेलंच असतं. फिनाइलच्या शेजारच्या दोन प्रोटॉनांचं २.४८ सुद्धा चालेल, फक्त मायक्रोसिस्टिनमध्ये ते पीक एकमेकांवर चढलेले असतात. मिथिल असेल तिथे वरच्या मर्यादेत एक अँगस्ट्रॉमची ढील ठेवा.

एक अंतर अचूक काढण्यापेक्षा वीस ढिली अंतरं मिळवा. वलय बांधून धरायला तीच उपयोगी पडतात.

शेपूट बसत नाही

वलय जुळलं तरी अ‍ॅडाची शेपटी दहा प्रतिकृतींत दहा दिशांना जाते, आणि मुलांना वाटतं अजून काहीतरी चुकतंय. बहुतेक वेळा काही चुकलेलं नसतं. मोकळ्या द्रावणात ती शेपटी खरोखरच हलती असते. प्रकाशित अभ्यासांत वलय खोगिरासारखं वाकलेलं, बऱ्यापैकी ठाम, आणि शेपटी त्या मानाने स्वैर असंच चित्र दिसतं. जास्तीची बंधनं घालून तिला एका जागी बसवू नका. जी अंतरं दिसलीच नाहीत ती घालणं म्हणजे पंचनाम्यात साक्षीदार आपणच लिहिणं.

शेपटी ठाम कुठे बसते ते बघायचं तर १९९५ साली प्रसिद्ध झालेली प्रोटीन फॉस्फटेज-१ आणि मायक्रोसिस्टिन-एलआर यांची २.१ अँगस्ट्रॉमची स्फटिकरचना उघडा. तिथे अ‍ॅडा एंझाइमच्या पाणी टाळणाऱ्या खोबणीत शिरलेलं दिसतं, आणि एमडीएचएने २७३ व्या सिस्टीनशी सहसंयुज बंध बांधलेला दिसतो. रेणूचं विषारीपण याच बैठकीत आहे: फॉस्फटेज बंद पडतं आणि यकृताच्या पेशींचा सांगाडा ढासळतो. १९९६ मध्ये ब्राझीलच्या कारुआरूत डायलिसिसच्या पाण्यातून हे विष गेलं आणि पन्नासहून अधिक रुग्ण दगावले. पिण्याच्या पाण्यात मायक्रोसिस्टिन-एलआरसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १ मायक्रोग्रॅम आहे, ती उगाच नाही. पाणी उकळून हे विष जात नाही, हे मी तिच्या वडिलांनाही सांगितलं. कोरडी पूड हाताळताना हातमोजे आणि तोंडावर पट्टी, हे तिला वेगळं सांगावं लागलं नाही.

पण मोकळ्या द्रावणातली तुमची रचना त्या स्फटिकातल्या रचनेवर जशीच्या तशी बसावी असा हट्ट नको.

फुटकळ, पण त्रास देणाऱ्या गोष्टी

महिनाभराने मोजल्यावर वस्तुमान १४ ने वाढलेलं असेल तर आम्ल घातलेल्या मिथेनॉलमध्ये ठेवलेला नमुना एस्टर होऊन बसलाय. ते दोन मोकळे कार्बोक्सिल आठवा. उलट १४ ने कमी, म्हणजे ९८१ च्या जवळ असेल तर बहुधा एक मिथिल नसलेला भाऊ आहे, निसर्गातलाच, तुमची चूक नाही. गंधकाच्या संयुगांपासून नमुना लांब ठेवा. मर्कॅप्टोइथेनॉलची बाटली शेजारी उघडी असेल तर एमडीएचएचा दुहेरी बंध त्याला आनंदाने चिकटतो आणि ५.४ ते ५.९ मधले दोन पीक मावळतात. नळीला फॉइल गुंडाळा, कारण अतिनील प्रकाशात अ‍ॅडाचा सहाव्या जागेवरचा दुहेरी बंध उलटतो आणि स्पेक्ट्रममध्ये दुप्पट पीक दिसू लागतात. बाकी प्रत्येक पीक दुप्पट दिसत असेल, पण जोडीतला एक फार लहान असेल, तर रोझीत त्या जोडीमधला क्रॉसपीक कुठल्या रंगाचा आहे ते बघा. कर्णाच्या रंगाचा असेल तर एकच रेणू दोन आकारांत ये-जा करतोय. काहीच नसेल तर ती भेसळ असू शकते. मग पुन्हा स्तंभावर चढवा.

तासगावच्या मुलीची टी-रोझी गेल्या आठवड्यात आली. ग्लुटामिकच्या गॅमापासून एमडीएचएच्या मिथिलपर्यंतचा लाल पीक स्वच्छ दिसतो. तेवढ्या एका पिकावर तिने मला रात्री अकरा वाजता फोन केला. आर्जिनिनची बाजूची साखळी मात्र अजून गुंत्यात आहे, त्यात तीन पीक एकमेकांवर चढलेत. तापमान पाच-पाच अंशांनी बदलून ते सुटतात का हे ती बघतेय.

कुणाला याच कामात अडलं असेल तर विचारताना एवढं आधी लिहा: द्रावक, पीएच, तापमान, यंत्र किती मेगाहर्ट्झचं, मिश्रणकाळ, वलयात किती अणू मोजले. आणि स्पेक्ट्रम दोन रंगांत पाठवा. एका रंगातला आला तर मी उघडणार नाही.